चार हातांचा प्रयोग : शाळेत घरच्यांसह विज्ञान-संध्याकाळ कशी भरवावी

शाळेत विज्ञान प्रदर्शन भरतं तेव्हा पालकांचं काम ठरलेलं असतं. आपल्या मुलाच्या टेबलापाशी जायचं, त्याचं पाठ केलेलं भाषण ऐकायचं, फोटो काढायचा, शेजारच्या दोन टेबलांना ‘छान, छान’ म्हणायचं आणि हळूच घड्याळ बघायचं.

घरच्यांसह विज्ञान-संध्याकाळ याच्या अगदी उलटी. मूल आणि त्याच्यासोबत आलेलं कुणी मोठं माणूस, मग ती आई असो, आजोबा असोत, मामा असो की थोरली बहीण, एका टेबलापाशी येतात, समोरचं साहित्य हातात घेतात आणि दोघं मिळून काहीतरी करून बघतात. दहा-बारा मिनिटांनी पुढचं टेबल. भाषणं नाहीत, परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्समध्ये १९८०च्या दशकात पालक आणि मुलांनी शेजारी बसून गणित करायचा उपक्रम रुजला. विज्ञानातही तीच कल्पना चालते. शाळा जागा देते, आसपासचे लोक वेळ देतात, व्यावसायिक साहित्य आणि माणसं पुरवतात.

अशा बऱ्याच संध्याकाळी मी मदतनीस म्हणून उभी राहिले आहे आणि काही स्वतः भरवल्याही आहेत. पहिल्या दोन सपशेल फसल्या. गर्दी होती, फुगे होते, पाहुणे होते, प्रयोगही भारी होते. पण प्रयोग सगळे आम्हीच करत होतो आणि पालक भिंतीला टेकून मोबाइल बघत होते. तेव्हापासून एकच कसोटी धरली आहे : एका माणसाला एकट्याने करता येईल असा प्रयोग टेबलावर ठेवायचाच नाही. चार हात लागलेच पाहिजेत, दोन लहान आणि दोन मोठे. पुढे जे काही सांगते ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

शाळेतला ‘आतला माणूस’

उत्साही पालक किंवा एखादा कंपनीवाला थेट मुख्याध्यापकांकडे जातो, होकार मिळतो आणि सगळे खूश होतात. मग कळतं, की त्याच आठवड्यात चाचणी परीक्षा आहे, सभागृहात खुर्च्या नाहीत आणि प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

म्हणून परवानगीच्या आधी एक शिक्षक किंवा शिक्षिका गाठा, ज्यांना हे मनापासून करायचं आहे. त्या विज्ञानाच्याच हव्यात असं काही नाही. त्यांच्याकडून चार गोष्टी समजून घ्या : कोणते वर्ग घ्यायचे, कोणता दिवस बरा, पालकांपर्यंत निरोप कसा पोचतो, आणि शाळेच्या शिपाईदादांना किंवा सफाई करणाऱ्या मावशींना त्या दिवशी किती वाजेपर्यंत थांबावं लागेल. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही विचारलात तर अर्धी शाळा तुमच्या बाजूने होते.

तयारीला आठ आठवडे धरा. त्याहून कमी वेळात व्यावसायिक हलत नाहीत, आणि जास्त दिवस ठेवले तर मदतनीस विसरतात.

किती कुटुंबं? आधी कागदावर मांडा

नवे आयोजक इथे हमखास चुकतात, म्हणून हिशेब सविस्तर करू.

कार्यक्रम ९० मिनिटांचा धरा. येणं, नोंद करणं, शेवटची आवराआवर यात २० मिनिटं जातात. उरली ७०. एका टेबलावर १० मिनिटं आणि पुढच्या टेबलाकडे जायला एखादं मिनिट, म्हणजे एक कुटुंब सहा टेबलं करतं. दहा टेबलं मांडली आणि प्रत्येकावर एका वेळी तीन कुटुंबांचं साहित्य ठेवलं, तर एका क्षणी ३० कुटुंबं मावतात. पण कुणी ना कुणी चालत असतं, पाणी प्यायला गेलेलं असतं, धाकट्याला बाहेर घेऊन गेलेलं असतं. ३२-३५ कुटुंबांची नोंदणी झाली तरी चालतं. साठ झाली तर दोन दिवस करा, किंवा दोन पाळ्या. रांग लागली की संध्याकाळ संपली असं समजा. रांगेतलं मूल विज्ञान शिकत नाही, पुढच्या मुलाला ढकलायला शिकतं.

मदतनीस टेबलामागे दोन. एक जण बोलतो, दुसरा साहित्य पुसतो, मोजतो, भरतो. दहा टेबलांना वीस, शिवाय दारापाशी दोन आणि मोकळे फिरणारे दोन. एकूण चोवीस. आकडा मोठा वाटतो, पण व्यावसायिकांकडून पैसे मागण्याऐवजी माणसं मागितली की तो भरतो. त्याबद्दल पुढे.

टेबलावर काय ठेवायचं

सगळ्यात आधी काय ठेवायचं नाही ते सांगते. फेसाळणारा ज्वालामुखी नको. एक माणूस ओततो, बाकीचे ‘वाऽ’ म्हणतात, वीस सेकंदांत खेळ खलास, आणि पुढची पाच मिनिटं टेबल पुसण्यात जातात. मुलांना तो आवडतो हे खरं आहे. त्यांना फटाकेही आवडतात.

चांगल्या टेबलाची खूण अशी : आधी अंदाज करता येतो, मग मोजता येतं, आणि एक गोष्ट बदलून पुन्हा करता येतं. आमच्याकडे टिकून राहिलेली काही टेबलं देते.

*झोका.* दोऱ्याला लोखंडी नट बांधायचा, मोठ्या माणसाने उभं राहून दोऱ्याचं वरचं टोक हात न हलवता घट्ट धरायचं, मुलाने झोका सोडायचा आणि दहा झोके मोजायचे, जाऊन-येऊन एक. दोरा २५ सेंटिमीटरचा असेल तर दहा झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात. तोच दोरा १ मीटरचा केला की २० सेकंद. लांबी चौपट झाली तर वेळ दुप्पट होतो. आता वजन वाढवून बघा. जवळजवळ सगळी मुलं आणि बहुतेक मोठी माणसं म्हणतात, जड झोका भरभर जाईल. तसं होत नाही. इथे एक खाचखळगा आहे, त्यात आम्ही पडलो होतो : जास्तीचे नट एकाखाली एक बांधले की वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे दोऱ्याची लांबी नकळत वाढते आणि झोका खरोखरच मंद होतो. मुलं म्हणणार, ‘बघा, वजनाने फरक पडला!’ आणि तुमच्याकडे उत्तर नसणार. म्हणून वाकवलेल्या क्लिपचा एक आकडा करा आणि सगळे नट त्या एकाच आकड्यात अडकवा. झोका लहानच सोडायचा, हेही कार्डावर लिहा.

*चष्म्याचं भिंग.* जुन्या चष्म्यांची भिंगं, पांढरा कागद, आणि समोर खिडकी किंवा लांबवर एक दिवा. मोठ्याने भिंग धरायचं, मुलाने कागद मागेपुढे करत खिडकीचं चित्र शोधायचं. चित्र सापडतं, उलटं असतं, आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस कितीही मोठा असला तरी मान वाकडी करून बघतो. मग पट्टीने अंतर मोजा. +२ नंबरचं भिंग लांबच्या वस्तूचं चित्र ५० सेंटिमीटरवर देतं, +४ नंबरचं २५ सेंटिमीटरवर. १०० ला नंबराने भागायचं, एवढं गणित चौथीतल्या मुलालाही जमतं. उणे नंबरच्या भिंगाने कागदावर चित्र येतच नाही. ते का, याचा वाद टेबलावरच होऊ द्या. या टेबलाला आजी-आजोबा सगळ्यात जास्त वेळ बसतात. स्वतःचा वाचायचा चष्मा काढतात आणि त्याचा नंबर मोजून बघतात.

*दिवा पेटतो का?* पांढरा एलईडी, १.५ व्होल्टचे दोन सेल, दोन वायरी. एका सेलवर दिवा पेटत नाही, कारण त्याला साधारण ३ व्होल्ट लागतात. दोन सेल एकापुढे एक लावले की पेटतो. उलटा जोडला की पुन्हा अंधार. सेल घट्ट धरून ठेवायचे आणि वायरी टेकवायच्या, हे दोन हातांनी होत नाही, तिसऱ्या-चौथ्या हाताला पर्याय नाही. सेलला पेटी वापरू नका. पेटीने काम सोपं होतं आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे.

*नाण्यावर पाणी.* एका नाण्यावर पाण्याचे किती थेंब मावतील? लोक पाच-सात म्हणतात. ड्रॉपर बारीक असेल तर वीसच्या पुढे सहज जातात. एक जण थेंब सोडतो, दुसरा डोळे नाण्याच्या पातळीला आणून पाण्याचा फुगवटा बघतो आणि मोजतो. मग ड्रॉपरमध्ये साबणाचं पाणी घ्या. आकडा एकदम घसरतो, कारण साबणाने पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ओढून धरणारी ताकद, कमी होतो. ‘पृष्ठताण’ हा शब्द शेवटी सांगा, सुरुवातीला नाही.

*कागदाचा पूल.* दोन पुस्तकांमध्ये २० सेंटिमीटर अंतर, वर एक ए४ कागद. सपाट ठेवला तर दोन-चार नाण्यांतच बसकण मारतो. पंख्यासारख्या घड्या घातल्या की पेलाही तोलतो. वेळ कमी पडतो एवढीच या टेबलाची तक्रार.

काळ्या स्केचपेनच्या शाईतले रंग वेगळे करायचं टेबलही लोकप्रिय आहे. गाळणकागदाच्या पट्टीवर ठिपका काढायचा, पट्टीचं टोक पाण्यात बुडवायचं, पण ठिपका पाण्याच्या वर राहू द्यायचा, आणि वाट बघायची. यात चार हात फारसे लागत नाहीत. दोघांनी वेगवेगळ्या कंपनीची पेनं निवडून एकमेकांच्या पट्टीचा अंदाज करायचा, एवढंच करता येतं. एकदा आम्ही ऐन वेळी बाजारातून मार्कर आणले, ते निघाले पर्मनंट. पाण्यात ढिम्म हलले नाहीत. पंधरा कुटुंबं काळ्या ठिपक्याकडे बघत बसली. आता नियम असा आहे, की ज्या पुड्यातलं साहित्य टेबलावर जाणार, त्याच पुड्यातलं आदल्या दिवशी वापरून बघायचं.

प्रत्येक टेबलावर एक कार्ड. त्यावर तीनच ओळी : काय करायचं, काय बघायचं, काय बदलून बघायचं. पालकांना जी भाषा वाचता येते त्या भाषेत, शिवाय एक चित्र. वाचता न येणारा पालक त्या टेबलावर अडखळला नाही पाहिजे. ‘असं का होतं’ हे कार्डाच्या मागच्या बाजूला लिहा. ज्याला हवं तो उलटून बघेल.

मदतनीस : हात मागे

मदतनीस कुठून आणायचे? वरच्या वर्गातली मुलं, कॉलेजचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, माजी विद्यार्थी, आसपासचे कारागीर, कंपन्यांतले तंत्रज्ञ. वरच्या वर्गातल्या मुलांना कमी लेखू नका. फ्रँक ओपेनहायमरने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे हाताळून बघायचं विज्ञान संग्रहालय उघडलं, तेव्हा पाहुण्यांच्या मदतीला त्याने हायस्कूलमधली मुलंमुली उभी केली. त्यांना तिथे ‘एक्स्प्लेनर’ म्हणतात. तज्ज्ञाला उत्तर माहीत असतं म्हणून तो ते सांगून टाकतो. पंधरा वर्षांच्या मुलीला ते कालच कळलेलं असतं, म्हणून ती समोरच्याला कळेपर्यंत थांबू शकते.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांना एक-दीड तास बोलवा. प्रत्येक जोडीने आपलं टेबल स्वतः करून बघायचं, आणि मग दुसऱ्या जोडीला ‘कुटुंब’ बनवून करून घ्यायचं. अट एकच : मदतनिसाने हात पाठीमागे बांधायचे. साहित्याला हात लावायचा नाही. इंजिनीयर मंडळींना हे फार जड जातं. मी एका गृहस्थांना सरळ खिशात हात घालायला सांगितलं, तरी ते हनुवटीने दाखवत होते.

बोलायचं काय, याचाही सराव करा. ‘काय दिसलं?’, ‘आता काय बदलून बघायचं?’, ‘तुम्हाला काय वाटतं, ताई?’ एवढे तीन प्रश्न संध्याकाळभर पुरतात. टाळायचे शब्दही तीन : ‘बरोबर!’, ‘चूक’ आणि ‘सोप्पं आहे’. ‘बरोबर’ म्हटलं की विचार तिथेच थांबतो. ‘सोपं आहे’ म्हटलं आणि ज्याला जमलं नाही, त्याचा चेहरा बघा एकदा. उत्तर येत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, करून बघू’ म्हणायचं. ते खोटं खोटं म्हणू नका, मुलांना कळतं.

टेबलाशी कुटुंब आलं की पहिली वस्तू मोठ्या माणसाच्या हातात द्यायची. घड्याळ, दोरा, भिंग, काहीही. मूल आपसूक पुढे येतंच, मोठ्याला ओढावं लागतं. बहुतेकांच्या मनात ‘मला विज्ञान कधी आलं नाही’ हे घट्ट बसलेलं असतं. ‘या, करून बघा’ म्हटलं तर ते मागे सरकतात. ‘हे जरा धरता का?’ म्हटलं तर धरतात.

झोक्याच्या टेबलावर एकदा एक वडील आले. कामावरून थेट आले असावेत, पायांवर सिमेंटची धूळ होती. ते दोन पावलं मागेच उभे राहिले. आमच्या मदतनीस मुलीने काही न बोलता दोऱ्याचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नट खाली सोडला, बोटाने अलगद थांबवला आणि म्हणाले, “हा तर ओळंबा आहे.” मुलाने वर बघितलं. मग बाप सांगत राहिला, की उंच भिंतीचा ओळंबा लांब असतो, तो शांत व्हायला वेळ लागतो, आखूड पटकन थांबल्यासारखा वाटतो, आणि वाऱ्यात भिंत लावायची म्हणजे काय ताप असतो. मुलाने दोरा आखूड करून मोजलं. मग लांब करून मोजलं. मदतनीस मुलगी हात मागे बांधून ऐकत होती. मी त्या दिवशी तिच्या शेजारच्या टेबलावर होते, आणि खरं सांगायचं तर तिच्या जागी मी असते तर एव्हाना सूत्र सांगून मोकळी झाले असते.

व्यावसायिकांकडे काय मागायचं

पैसे सगळ्यात शेवटी. पैसे मागितले की बोलणं जाहिरात विभागाकडे जातं, तिथून फलकाच्या आकाराकडे, आणि मग उद्घाटनाचं भाषण कुणी करायचं याकडे. एका संध्याकाळी असं भाषण पंचवीस मिनिटं चाललं. पहिल्या रांगेतली दोन मुलं झोपली आणि सहा टेबलांच्या जागी चारच झाली.

त्याऐवजी छोटी, नेमकी गोष्ट मागा. छापखान्याकडे कटिंगमधून उरलेला कागद असतो. चष्मेवाल्यांकडे बदलून उरलेली भिंगं असतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानात बेअरिंगच्या गोळ्या आणि जुन्या ट्यूब, वर्कशॉपमध्ये नट-वॉशर, फर्निचरवाल्याकडे लाकडाचे तुकडे, पॅकिंगवाल्याकडे पुठ्ठा. यातलं बरंच त्यांच्या दृष्टीने भंगार असतं, म्हणून द्यायला हात आखडत नाहीत. चिठ्ठी अशी लिहा : ‘मंगळवारपर्यंत ४० नट हवेत, सगळे एकाच मापाचे, वंगण पुसलेले. न्यायला आम्ही येऊ.’ ‘विज्ञान शिक्षणासाठी यथाशक्ती सहकार्य करावे’ असं पत्र टेबलावर पडून राहतं.

दुसरं मागणं माणसांचं. इथेही नेमकं बोला : दोन माणसं, सराव धरून दोन संध्याकाळी. आणि शक्यतो साहेब नकोत, यंत्रावर हात चालवणारा माणूस हवा. लेथवर काम करणारी व्यक्ती, प्रयोगशाळेत नमुने तपासणारी बाई, वीजजोडणी करणारा, रोपवाटिकेतला माळी. मुलांना वैज्ञानिक म्हणजे पांढरा कोट आणि विस्कटलेले केस एवढंच ठाऊक असतं. मोजमाप आणि अंदाज यांवर ज्यांचं पोट चालतं अशी माणसं आपल्याच आसपास राहतात, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. अशा माणसाला टेबल देताना त्याच्या कामाशी जुळणारं द्या. वीजजोडणीवाला दिव्याच्या टेबलावर, चष्मेवाले भिंगांच्या.

तिसरं, कामं. कार्ड छापून देणं, टेबलं ने-आण करायला गाडी, दोन चांगल्या एक्स्टेंशन बोर्डांची सोय. ही मदत दिसत नाही, पण संध्याकाळ तिच्यावर उभी असते.

बदल्यात त्यांना काय मिळेल हे आधीच, लेखी आणि एका पानात ठरवा. आमच्या पानावर साधारण असं असतं : दारापाशी आभाराचा एकच फलक, त्यावर सगळ्यांची नावं सारख्या आकारात. टेबलांवर कुणाचं बोधचिन्ह नाही. विक्री नाही, सवलतीची कुपनं नाहीत. पालकांचे फोन नंबर गोळा करायचे नाहीत, ‘लकी ड्रॉ’च्या नावाखालीही नाही. मुलांचे फोटो शाळेच्या आणि पालकांच्या लेखी परवानगीशिवाय वापरायचे नाहीत. यावर एखादी कंपनी नाराज झाली तर होऊ द्या. ज्यांना हे पटतं ते दुसऱ्या वर्षी न बोलावता येतात.

रोख मदत कुणी देऊच केली तर ती शाळेच्या खात्यात, पावतीसह. आयोजकाच्या खिशातून एकही व्यवहार होऊ देऊ नका. तुम्ही कितीही सरळ असलात तरी.

सुरक्षिततेत दयामाया नको

बटणासारखे चपटे सेल टेबलावर ठेवायचे नाहीत. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. येणाऱ्या कुटुंबात वर्ष-दीड वर्षाचं धाकटं भावंड असणारच, हे गृहीत धरा. छोटे, फार ताकदवान चुंबकही नकोत. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. न फुगवलेले आणि फुटलेले फुगे लहान मुलांच्या घशात अडकतात, शिवाय काहींना रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी असते. लेझर पॉइंटर नको. भिंगांच्या टेबलावरून सूर्याकडे बघायचं नाही हे मोठ्या अक्षरात लिहा, आणि भिंगं उन्हात पडून राहू देऊ नका. जाळ, आम्ल, उकळतं पाणी यांतलं काहीच नको. त्यांच्याशिवाय पुष्कळ विज्ञान आहे.

भंगारातून आलेली प्रत्येक वस्तू हाताने तपासा. पत्र्याची कड, लाकडाची कुसळं, आधी रसायन भरलेले डबे. डबा कितीही धुतलेला असला तरी घेऊ नका.

माणसांबद्दलचे नियमही तितकेच कडक. बाहेरून येणाऱ्या मदतनिसांची नावं शाळेकडे आधी द्या आणि पडताळणीचे शाळेचे जे नियम असतील ते पाळा. मदतनीस कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. प्रत्येक मूल त्याच्या घरच्या माणसासोबतच फिरेल. मुलाला सोडून घरचे निघून गेले, असं चालणार नाही. हे निमंत्रणातच लिहा. प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा माणूस कुठे आहे, हे चोवीसही जणांना माहीत हवं.

निमंत्रण

‘पालकांनी आवर्जून उपस्थित राहावे’ ही ओळ पालकसभेची आहे. ती वाचली की माणसाला प्रगतिपुस्तक आठवतं. मुलांनाच निमंत्रण लिहू द्या, त्यात रिकामी जागा ठेवा : ‘मी ......ला घेऊन येणार आहे.’ तिथे मूल कुणाचंही नाव लिहील. ज्याच्या घरून कुणी येऊ शकत नाही अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी शिक्षिकेने आधीच, गाजावाजा न करता, एखादी शेजारची काकू किंवा दुसऱ्या मुलाचे घरचे जोडून द्यावेत. दारात येऊन ते मूल एकटं उभं राहता कामा नये.

वेळ कामावरून सुटणाऱ्यांना जमेल अशी. धाकट्यांना सोबत आणायची मोकळीक. एका कोपऱ्यात सतरंजी आणि मोठे ठोकळे, म्हणजे वर्षा-दोन वर्षांची मुलं तिथे रमतात.

त्या संध्याकाळी

टेबलं भिंतीला लावू नका, चारही बाजूंनी उभं राहता आलं पाहिजे. दोन टेबलांमधून व्हीलचेअर जाईल इतकी वाट ठेवा. प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या, ज्येष्ठांसाठी. पाण्याची टेबलं नळाच्या बाजूला, भिंगांचं खिडकीपाशी, दिव्याचं थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात. झोक्याचं टेबल दारापासून दूर, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागतो.

दारात कुटुंबाला एक कार्ड द्या, त्यावर सगळ्या टेबलांची नावं. कुठलंही आधी करा, कितीही करा. सगळी टेबलं केल्यावर शिक्का-बिक्का ठेवू नका. तो ठेवला की मुलं शिक्क्यामागे धावतात. भिंगाच्या टेबलावर कुणी अर्धा तास बसलं तर बसू द्या.

स्वागताला दोन मिनिटं, तीही उभ्याने : कुठे काय आहे, मोठ्यांनीही हात घालायचा आहे, सुरू करा.

फिरणाऱ्या दोघांपैकी एकाकडे वही द्या. त्याने दर पंधरा मिनिटांनी सभागृहाचा एक फेरा मारायचा आणि एकच गोष्ट मोजायची : या क्षणी किती मोठ्या माणसांच्या हातात साहित्य आहे, आणि किती नुसते उभे आहेत. ज्या टेबलावर उभ्यांची संख्या जास्त, तिथलं काहीतरी बिघडलं आहे. बहुतेक वेळा मदतनिसाचे हात पुढे आलेले असतात. खांद्यावर थाप मारली की पुरतं. आम्ही अभिप्रायाचे फॉर्मही भरून घेत होतो, सगळे ‘उत्तम’ लिहून द्यायचे. त्या वहीने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच फॉर्मने शिकवलं नाही.

नंतरचे दोन आठवडे

जाताना प्रत्येक कुटुंबाला एका टेबलाचं साहित्य द्या : एक नट, मीटरभर दोरा आणि ते कार्ड. घरी पुन्हा केलं तरच संध्याकाळ घरात पोचते. दोन आठवड्यांनी वर्गशिक्षिकेने सहज विचारावं, घरी कुणी काय करून बघितलं. पाचसहा हात वर आले तरी मला पुरेसं वाटतं. एका मुलीने सांगितलं होतं, की आजीने घरातल्या सगळ्यांच्या चष्म्यांचे नंबर काढले आणि दोघांचे चुकीचे निघाले. चष्मेवाल्यांना हे कळवल्यावर ते हसले, आणि म्हणाले, त्यांना घेऊन या.

व्यावसायिकांना आभाराचं पत्र आठवड्याच्या आत जायला हवं. त्यात त्यांनी दिलेल्या वस्तूचं काय झालं ते लिहा : ‘तुमच्या ४० नटांपैकी ३४ मुलांच्या घरी गेले, ६ पेटीत आहेत.’ सोबत एखाद्या मुलाने काढलेलं चित्र. मदतनिसांना आठवडाभरात एकदा भेटा, चहापुरतं, आणि प्रत्येक टेबलाबद्दल दोनच गोष्टी विचारून लिहून घ्या : कुठे अडलं, काय कमी पडलं.

साहित्य टेबलानुसार वेगवेगळ्या पेट्यांत भरा, झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, आणि पेट्या कपाटावर नाही तर शिक्षिकेच्या हाताला लागतील अशा खालच्या फळीवर ठेवा. आमच्या झोक्याच्या पेटीच्या यादीत शेवटी लाल पेनने लिहिलेली एक ओळ आहे : ‘दोरा दुप्पट घ्या. मोठी माणसं परत येतात.’